सणासुदीचे दिवस आणि व्यायामाचे सातत्य

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतच्या काळात व्यायामाचा नेम मोडतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. रात्रीची जागरणे, पाहुण्यांची वर्दळ, फराळाचे डबे आणि शाळा-कचेऱ्यांची सुटी ही त्याची कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु बेळगावातील एक प्रघात पाहिला असता सणामुळे व्यायाम बुडालाच पाहिजे असे म्हणता येत नाही.

बेळगाव शहरात व परिसरातील अनेक गावांत नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड निघते. पांढरा वेष, डोक्यास फेटा किंवा टोपी आणि अग्रभागी भगवा ध्वज अशा थाटात तरुण, मुली, शाळकरी मुले व प्रौढ मंडळीही गल्ल्यांतून धावत देवीच्या मंदिरापर्यंत जातात. मार्ग दररोज निराळा असतो. स्त्रिया सडा-रांगोळी घालून ध्वजाचे औक्षण करतात. एरवी उशिरापर्यंत अंथरूण न सोडणारा मुलगाही या दिवसांत कोणी न उठविता उठतो. ही श्रद्धेची बाब आहेच. परंतु व्यायामाच्या दृष्टीने तिची बांधणीही पाहण्यासारखी आहे. वेळ ठरलेली, सोबत ठरलेली, पोहोचण्याचे ठिकाण ठरलेले आणि दारोदारी वाट पाहणारी माणसे. आज जावे की न जावे, हा प्रश्नच उरत नाही.

दसऱ्यास दौडीची सांगता होते आणि दुसऱ्या दिवसापासून अनेकांचे पहाटेचे उठणेही थांबते. उत्साह एका रात्रीत आटत नाही. ज्या निमित्तावर तो उभा होता ते निमित्त नाहीसे होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेला सवयीविषयीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या ठराविक प्रसंगाशी जोडलेली नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात व माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो, असा अंदाज त्यातून निघाला. नऊ-दहा दिवसांची दौड सवय जडण्यास अपुरी पडते, ती यामुळेच. त्याच अभ्यासात असेही आढळले की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नेम चुकला म्हणून ‘आता तुळशीच्या लग्नानंतरच पाहू’ असे ठरविणे, हे खरे नुकसान होय.

सीमाभागात आणखी एक अडचण असते. कर्नाटकातील शाळांची मध्यावधी सुटी दसऱ्याच्या सुमारास असते, तर महाराष्ट्रातील दिवाळीत. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात मोडते. म्हणजे काही पावलांवर सुटीचे वेळापत्रक बदलते. सवंगडी दोन राज्यांच्या शाळांत विभागलेले असले की मैदानावर सारे एकत्र जमत नाहीत. म्हणून शिक्षकांनी सुटी लागण्यापूर्वीच एका गल्लीत राहणाऱ्या दोन-तीन मुलांचे गट करून द्यावेत. मोठा संघ सुटीत विखुरतो. शेजारी शेजारीच राहतो.

नवे निमित्त शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. नरकचतुर्दशीस सारे घर सूर्योदयापूर्वी उठते. अभ्यंगस्नानाआधी सूर्यनमस्कारांस तेवढी वेळ पुरते. गौरीच्या वेळची झिम्मा-फुगडी चांगलाच दम लावते. ती स्पर्धेच्या रंगमंचापुरतीच ठेवण्याचे काही कारण नाही. बेळगावची मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. तत्पूर्वी त्यांस येळ्ळूरजवळचा राजहंसगड पायी चढून दाखवावा. तटबंदी कशी वळते व बुरूज कोठे येतो हे पाहिलेल्या मुलांचा किल्ला निराळाच होतो, आणि पायांनाही काम मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी. हा वेळ दिवसभरात दहा-दहा मिनिटांनी भरून काढला तरी चालतो. झपाझप चालणेही त्यात धरले जाते.

मधुमेहावर औषधे अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नवरात्राच्या उपवासात रिकाम्या पोटी धावू नये. डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. दिवाळीच्या सुमारास ऊस गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या अंधारातही धावत असतात. अशा वेळी पहाटे रस्त्यावर न धावता शाळेचे मैदान, किंवा बेळगावात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोसारखे मोकळे आवार निवडावे.