टेकडी, सपाटी आणि पिवळी बस

माझं माहेर कोल्हापूरचं. मुलं मात्र शिकली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या सरकारी शाळांत. तिथे जे उमगलं ते असं.

१. शाळेतली फाटाफूट आधी नकाशावर होते. बर्कलीत टेकडीवर सधन गोरे राहायचे, खाली सपाटीला कृष्णवर्णीय. ‘घराजवळची शाळा’ हा वरकरणी साधा नियम लावला, की मुलं आपसूक वेगळी पडायची. कोर्टाचा बडगा नसतानाही इथल्या शाळा मंडळाने १९६८ मध्ये दुतर्फा बस सुरू केल्या. तिसरीपर्यंत सपाटीची मुलं वर जायची, चौथी ते सहावीत टेकडीवरची खाली यायची. कमला हॅरिसही लहानपणी अशाच बसने शाळेत गेल्या. माझ्या मते यातलं ‘दुतर्फा’ महत्त्वाचं. अमेरिकेत इतरत्र बसचा हेलपाटा बहुतेक कृष्णवर्णीय मुलांच्याच वाट्याला आला.

२. निर्णय घेणाऱ्याची खुर्ची हलतेच. आमच्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायचा हुकूम काढला. ते राजे होते, त्यांना मतांची भीती नव्हती. बर्कलीचं मंडळ निवडून आलेलं. माध्यमिक शाळा एकत्र केल्या म्हणून १९६४ मध्ये सदस्यांना पदावरून हटवायला मतदान झालं. ते टिकले, म्हणून पुढच्या बस धावल्या.

३. आता मुलाचा वर्ण बघून शाळा देत नाहीत. २००४ पासून तुमच्या गल्लीचं उत्पन्न, पालकांचं शिक्षण आणि वस्तीची वांशिक घडण बघतात. पालक पसंतीक्रम देतात, वाटप मंडळ करतं. त्या दिवसांत देशी मंडळींचे फोन सुरू: “तुम्हाला वरची लागली की खालची?” सोबत शाळांचं रेटिंग. त्या आकड्यात शिकवण्यापेक्षा आईबापांचा पगारच जास्त दिसतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

४. वर्ग एक झाला तरी दुपार वेगळीच राहते. वाढदिवसाचं बोलावणं यायचं टेकडीवरच्या पत्त्याचं, शनिवारी चार वाजता. शनिवारी शाळेची बस नसते आणि मुलाच्या सपाटीवरच्या मित्राच्या घरी गाडी नव्हती. मग आम्ही त्याच्या घरी चिठ्ठी पाठवायला लागलो: ‘साडेतीनला शाळेच्या फाटकाशी थांबा, आमच्या गाडीत जागा आहे.’

५. हायस्कूलला सगळं गाव एका फाटकातून आत जातं आणि आत गेल्यावर पुन्हा पांगतं. वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात डोकावलं तर टेकडीच बसलेली दिसायची. पालकसभेत मी निकाल विचारत नाही. या वर्गात कोण बसणार हे कितवीत ठरलं आणि कोणी ठरवलं, ते विचारते.