जागा बदललेले गाव : हिबिंग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिनेसोटा राज्याच्या उत्तरेस मेसाबी नावाची ठेंगणी डोंगररांग आहे. तिच्यावर हिबिंग हे गाव वसले आहे. शिक्षकांनी ते नकाशात दाखवावे. गावाच्या उत्तरेकडील एका टेकडीवर पडणारे पावसाचे पाणी तीन वाटांनी जाते : हडसनचा उपसागर, सुपीरिअर सरोवर आणि मेक्सिकोचे आखात.

फ्रँक हिबिंग या जर्मनीत जन्मलेल्या गृहस्थाने १८९३ साली गाव स्थापिले. येथील लोहखनिज मऊ व भूपृष्ठानजीक असल्यामुळे खोल बोगदे न खणता, वरची माती दूर सारून उघडी खाण करणे सोयीचे पडले. खाण वाढत वाढत वेशीला भिडली. समृद्ध थर तर घरांच्या खालीच होता, आणि खनिजाचे हक्क खाणवाल्यांकडे होते! १९१९ पासून सुमारे २०० इमारती उचलून दोन मैल दक्षिणेस नेण्यात आल्या. घरे ओंडक्यांवरून ओढीत नेली. सेलर्स हॉटेल मात्र वाटेतच कोसळले.

गावकऱ्यांनी या स्थलांतराचा मोबदला सोडला नाही. नव्या जागी १९२० ते १९२३ या काळात जवळजवळ ४० लक्ष डॉलर खर्चून माध्यमिक शाळा उभी राहिली. पैसा मुख्यत्वे खाणींवरील करांचा होता. तिच्या सभागृहात १,८०० आसने आणि झगझगीत काचेची झुंबरे आहेत. फिनलंड, इटली, स्लोव्हेनिया येथून आलेल्या खाणकामगारांची मुले या शाळेत शिकली.

उत्तम प्रतीचे खनिज पुढे बहुतांशी संपले. आता तेथे टॅकोनाइट हा हलक्या प्रतीचा दगड खणला जातो. शाळेचे वर्ग त्याच इमारतीत भरतात.