उन्हाळ्यातील संगणक व वाऱ्याची वाट

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मे महिन्याचा उन्हाळा किती कडक असतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या वर जातो. नेमके याच दिवसांत खरीप पीककर्जासाठी सेवा सहकारी संस्थेत गर्दी होते. सातबारा उतारा, विम्याचा अर्ज, धानविक्रीची नोंदणी ही सर्व कामे आता संगणकावरच होतात. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. तेव्हापासून लहान गावांतील संस्थांच्या कचेरीतही हे यंत्र येऊ लागले आहे. भर दुपारी ते मंदावले किंवा आपोआप बंद पडले, तर दहा कोस चालून आलेल्या माणसास रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून संस्थेचे सचिव, आपले सरकार सेवा केंद्राचे चालक व घरी संगणक असलेले शेतकरी बंधू यांनी या यंत्राच्या थंडाव्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

उष्णता कोठून येते?

संगणकात हिशेब करणारा मुख्य भाग म्हणजे प्रोसेसर होय. तो आकाराने बिस्किटाएवढा असला तरी कामात असताना चांगलाच तापतो. त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसविलेला असतो व त्यावर पंखा असतो. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांत येते व वारा ती वाहून नेतो. पंखा थंडी निर्माण करीत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. तो केवळ तापलेली हवा हलवितो. खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसर कधीही अधिक थंड होऊ शकत नाही.

उदाहरण घेऊ. एखादा प्रोसेसर भरपूर काम करताना भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी अधिक तापतो, असे समजा. हिवाळ्यात खोली ३० अंश असता तो ७० अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४३ अंश झाली, तर तो ८३ अंशांवर जाईल. त्यातच पेटीत गरम हवा कोंडून तेथील तापमान आणखी १० अंशांनी वाढले, तर प्रोसेसर ९३ अंशांवर पोहोचेल. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढली तर यंत्र बंद पडते व न जतन केलेले काम वाया जाते. खोलीचे ४३ अंश आपल्या हाती पूर्णपणे नसतात. कोंडलेल्या हवेचे १० अंश मात्र आपल्या हाती आहेत.

उपणणीचा धडा

धान उपणताना आपण प्रथम वाऱ्याची दिशा पाहतो. वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेला, तरच भूस दूर जाऊन पडते. वारा घुमू लागला की तेच भूस परत राशीवर येते. संगणकाच्या पेटीतही हाच नियम लागू पडतो. हवा समोरच्या खालच्या बाजूने आत यावी, प्रोसेसरवरून जावी व मागच्या वरच्या बाजूने बाहेर पडावी. गरम हवा स्वभावतःच वर चढते, म्हणून ही वाट सोयीची ठरते. समोरचा व मागचा असे दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकू लागले, अथवा दोन्ही आतच ओढू लागले, तर प्रवाह सरळ राहात नाही.

पंख्याची दिशा ओळखणे कठीण नाही. ज्या बाजूस मोटार धरून ठेवणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने बहुधा हवा बाहेर पडते. कित्येक पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेला असतो. शंका असल्यास पातळ कागदाची पट्टी पेटीच्या बाहेरून जाळीजवळ धरावी. ती जाळीस चिकटली तर तेथे हवा आत जात आहे, दूर उडाली तर बाहेर येत आहे, असे समजावे. प्रोसेसरवरील आडव्या पंख्याचा वारा सामान्यतः पट्ट्यांवर खाली मारणारा असतो. पट्ट्यांचा ठोकळा उभा असेल, तर त्याच्या पंख्याचे तोंड असे असावे की त्याचा वारा मागील पंख्याकडे जाईल.

अधिक पंखे घेण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांहून अधिक तापू नये, असे वाटत असेल, तर सेकंदास सुमारे ९ लिटर हवा पुरते. १२ सेंटिमीटरचा एक चांगला पंखा मोकळेपणी याच्या दुपटीहून अधिक हवा हलवितो. म्हणजे उणीव पंख्यांची नसून बहुधा वाटेची असते. धुळीने बुजलेली जाळी, आडव्या आलेल्या तारा व भिंतीस टेकलेली पेटी ही अडथळ्याची मुख्य कारणे होत.

करावयाच्या गोष्टी

१. पेटी भिंतीपासून निदान वीतभर दूर ठेवावी. टेबलाच्या बंद कपाटात ती ठेवू नये. तेथे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. यंत्र चालू असता त्यावर कापडी आच्छादन घालू नये.

२. पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा चौरंगावर ठेवावी. धानाच्या गिरणीजवळ कोंडा व कोळसा खाणींच्या भागात काळी धूळ फार असते. समोरच्या जाळीस बारीक गाळणी लावून ती दर पंधरवड्यास झाडावी.

३. थंडावा मिळावा म्हणून पेटीची बाजू उघडी टाकण्याची चाल आहे. त्याने प्रवाहाची वाट मोडते, धूळ थेट आत जाते आणि पाली व पावसाळ्यातील किडे आत शिरतात. झाकण लावूनच ठेवावे.

४. उन्हाळ्यापूर्वी एकदा यंत्राची सफाई करावी. वीज बंद करून तार काढावी, पेटी अंगणात न्यावी व तिच्या धातूस हात लावून मगच आत काम करावे. पट्ट्यांतील धूळ मऊ कुंचल्याने काढावी. फुंकणीची हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे. वीजपुरवठ्याची आतील पेटी मात्र कधीही उघडू नये.

५. प्रोसेसर व ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप काही वर्षांनी वाळतो. जाणकाराकडून जुना लेप पुसून नवा लावून घ्यावा. वाटाण्याएवढा लेप पुरे होतो. अधिक लावल्याने लाभ नाही.

६. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरने खोली पुष्कळ थंड होते. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नये व समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. पावसाळ्यात ओलावा वाढतो, तेव्हा कूलर बंदच बरा.

या उपायांना खर्च थोडा व लक्ष अधिक लागते. कागदाची पट्टी घेऊन आजच आपल्या संस्थेच्या पेटीची परीक्षा करावी. वाऱ्याची वाट मोकळी असली, तर भर दुपारीही शेतकऱ्याचे काम खोळंबणार नाही.