घटक ६ : प्रोषितभर्तृका आणि तिचे मूल (सैनिकाच्या घरातील संगोपन, भाषा आणि साहित्य)

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या भाषेतील नातेवाचक आणि स्थितिवाचक शब्द पाहिले, की त्या समाजाने कोणत्या नात्यांकडे लक्ष दिले हे कळते. जिथे शब्दच नाही, तिथे बहुधा समाजाचे लक्षही गेलेले नसते. या घटकात आपल्याला अशाच एका स्त्रीचा विचार करायचा आहे. तिचा पती सैन्यात आहे. त्याची नेमणूक कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी आहे. घरी दोन लहान मुले आहेत. ती विधवा नाही, परित्यक्ता नाही. लग्नपत्रिकेत तिचे नाव ‘सौभाग्यवती’ म्हणूनच छापले जाते. ‘एकल पालक’ हा अलीकडे रूढ झालेला शब्दही तिला नेमका लागू पडत नाही, कारण मुलांना वडील आहेत आणि घरातल्या बोलण्यात ते रोज असतात. तरीही रात्री मूल तापाने फणफणले, तर उठणारी ती एकटीच असते.

या स्थितीचे चित्र आपल्या साहित्यपरंपरेत कसे आले आणि त्यातून काय निसटले, हे आधी पाहू. त्यानंतर अशा घरातील प्रत्यक्ष भाषाव्यवहाराकडे वळू. या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजणी स्वतःच या स्थितीत असतील, काहीजण स्वतः सैन्यात असतील. त्यांनी हे विवेचन आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे आणि जिथे ते अपुरे वाटेल तिथे समासात तशी नोंद करावी.

६.२ ‘प्रोषितभर्तृका’ : शब्द आणि त्याची मर्यादा

मराठीत नसलेला हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्रात आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकांच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘प्रोषितभर्तृका’ म्हणजे जिचा पती दूरदेशी गेला आहे ती. ‘प्रोषित’ हे रूप ‘प्र’ या उपसर्गासह ‘वस्’ धातूपासून बनले आहे. आपला नेहमीचा ‘प्रवास’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे शब्दाचा पूर्वार्ध पतीच्या जाण्याविषयी आणि उत्तरार्ध पतीविषयी आहे. स्त्रीची ओळख केवळ स्त्रीलिंगी प्रत्ययातून होते. मुलाला या समासात जागाच नाही.

धर्मशास्त्रानेही या स्त्रीची दखल घेतली आहे. पती परगावी असताना पत्नीने क्रीडा, शरीराचा साजशृंगार, उत्सव-मेळावे पाहणे, हास्यविनोद आणि परक्याच्या घरी जाणे सोडावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात सांगितले आहे. मनुस्मृतीने पतीलाही बजावले आहे, की जाण्यापूर्वी पत्नीच्या निर्वाहाची तरतूद करावी. तरतूद नसेल, तर तिने निंद्य नसलेल्या कारागिरीवर उपजीविका करावी, अशीही तेथे मुभा आहे. या वचनांत स्त्रीने काय सोडावे याचा तपशील भरपूर आहे, पण मागे राहिलेल्या मुलांसाठी तिने काय करावे याविषयी ती काही बोलत नाहीत. हा नियम इतिहासजमा झाला असे समजण्याचेही कारण नाही. नवरा फील्डवर असताना पालकसभेला नीटनेटकी साडी नेसून गेलेल्या स्त्रीकडे गल्लीतून कसे पाहिले जाते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

काव्यात ही नायिका अधिक कोमलपणे येते. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त प्रवासाला गेलेल्या पथिकाची वाट पाहणाऱ्या स्त्रिया जागोजागी भेटतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षपत्नी विरहाचे दिवस उंबऱ्यावर फुले मांडून मोजते. त्या घराच्या वर्णनातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यक्षाच्या अंगणात एक लहान मंदारवृक्ष आहे आणि यक्षपत्नीने तो पोटच्या मुलासारखा वाढवला आहे. विरहाच्या काव्यात मुलाची जागा अशी एका झाडाला मिळाली. झाडाला ताप येत नाही, ते शाळेत जायला कुरकुरत नाही आणि ‘बाबा कधी येणार?’ असेही विचारत नाही. कवीच्या प्रतिभेला यात उणेपणा येत नाही. विरहाचा रस अखंड ठेवण्यासाठी त्या काव्याला असेच मूल हवे होते.

६.३ लावणी आणि ओवी

पेशवाईच्या काळात शाहिरी लावणी बहरली. मुलूखगिरीवर गेलेला पती आणि घरी झुरणारी पत्नी हा तिचा एक आवडता विषय आहे. येथे विरहाचे कारण स्पष्टपणे लष्करी आहे. स्वारी, छावणी आणि चातुर्मासानंतरची कूच या गोष्टी श्रोत्यांच्या रोजच्या जीवनातल्या होत्या. मात्र ही लावणी बहुतांशी पुरुषांनी रचलेली आणि स्त्रीच्या तोंडी घातलेली आहे. त्यामुळे तिच्यातली पत्नी प्रामुख्याने पतीसाठी तळमळते. तिच्या कडेवर रडणारे मूल आणले, तर शृंगाराचा रंग उतरतो. म्हणून ते क्वचितच येते.

याउलट जात्यावरची ओवी घ्या. ती स्त्रियांनीच रचली आणि पहाटे दळताना गायिली. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. ओवीत लेकरू आहे, आई आहे, भाऊ तर फारच आहे. त्या मानाने पती थोडा आहे. म्हणजे लावणीत मुलावाचूनची पत्नी आहे आणि ओवीत, बऱ्याच अंशी, पतीवाचूनची आई आहे. ज्या स्त्रीची आपण चर्चा करत आहोत, ती या दोन काव्यप्रकारांत अर्धी अर्धी विभागली गेली आहे. हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याला छेद देणाऱ्या लावण्या किंवा ओव्या तुम्हाला आढळल्यास त्या जरूर टिपून ठेवाव्यात.

इतिहासातील सर्वांत परिचित उदाहरण जिजाबाईंचे आहे. शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत कर्नाटकाच्या मोहिमांवर असताना शिवरायांचे बालपण मुख्यतः जिजाबाईंच्या सहवासात गेले. पुण्याच्या जहागिरीत त्यांनी मुलाला वाढवले. पण लोकस्मृतीने त्यांना ‘वीरमाता’ म्हणून जपताना मुख्यतः त्यांनी सांगितलेल्या कथा लक्षात ठेवल्या. पती शेकडो मैल दूर असताना मुलाच्या दैनंदिन बाबींत कोणाचा शब्द अखेरचा असे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

६.४ सैनिकाच्या घरातील भाषा

आता आजच्या घराकडे वळू. सैन्यातील जवानाला सामान्यतः वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती सलग मिळतेच असे नाही आणि प्रसंगी रद्दही होते. ‘पीस’ ठाण्यावर नेमणूक असेल आणि क्वार्टर उपलब्ध असेल, तर कुटुंब सोबत नेता येते. ‘फील्ड’ला मात्र कुटुंब गावी राहते किंवा मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहते. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे (मिलिटरी) या गावाच्या नावातच सैन्य आहे. पश्चिम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ‘पलटणी’त जाणाऱ्यांची अशी इतर गावेही आहेत.

या घरांतील शब्दांचे अर्थ थोडे सरकलेले असतात. इतरांच्या घरी ‘सुट्टी’ म्हणजे बाहेरगावी जाण्याचे दिवस. येथे ‘सुट्टी’ म्हणजे बाबा घरी येण्याचे दिवस. मुलाच्या दृष्टीने वडील आपल्याच घरी ‘सुट्टीवर’ येतात, जसे पाहुणे येतात. ‘बॉर्डर’ हे त्याला एखाद्या गावाचे नाव वाटते. ‘ड्यूटी’ हा शब्द तर ‘आई’, ‘बाबा’ यांच्यापाठोपाठच त्याच्या ओठी बसतो.

सर्वांत नाजूक प्रश्न भविष्यकाळाचा आहे. मराठीत ‘बाबा दिवाळीला येतात’, ‘येणार आहेत’, ‘येतील’ आणि ‘यायचं म्हणतायत’ या चार रचनांत खात्रीच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत जवळजवळ निश्चिती आहे, तर चौथीत केवळ मनोदय. प्रौढ श्रोता हा फरक सहज ओळखतो. चार वर्षांचे मूल चारही वाक्ये सारखीच ऐकते, ती म्हणजे बाबा दिवाळीला घरी असणार. रजा रद्द झाली, तर मुलाच्या लेखी खोटी ठरते ती आई, सैन्य नव्हे. म्हणून अशा घरातील आई अनुभवाने शब्द जपून वापरू लागते. ती सणाचे नाव घेणे टाळते, ‘गणपतीनंतर कधीतरी’ असे सैल बोलते, किंवा गाडीचे तिकीट निघेपर्यंत मुलाजवळ विषयच काढत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात आपण ज्याला ‘अर्थ’ किंवा ‘वृत्ती’ म्हणतो, ती येथे मुलाचा विश्वास राखण्याचे साधन होते. लहान मुलाला ‘दोन महिने’ हा अवधी कळत नाही. ‘शेंगा काढून झाल्या की’ हे कळते. पण जितकी खूण ठळक, तितकी ती चुकल्यावर निराशाही मोठी.

दुसरे वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘बाबा आले की सांगते.’ हे एकाच वेळी आश्वासनही आहे आणि धमकीही. मुलाने काढलेल्या चित्राविषयी म्हटले तर आश्वासन. फोडलेल्या बरणीविषयी म्हटले तर धमकी. केवळ धमकीच होत राहिली, तर रजेवर आलेला बाप मुलाला न्यायाधीशासारखा भेटतो. उलट बाबा म्हणजे केवळ खाऊ आणि खेळणी असे समीकरण झाले, की ‘नाही’ म्हणण्याचे सगळे अप्रिय काम आईच्या वाट्याला येते. ‘बाबा रागावतील’ यापेक्षा ‘मी नाही म्हणते’ असे आपल्या नावाने सांगणे बरे. त्यामुळे निर्णय कोणाचा हे मुलाला स्पष्ट कळते आणि अनुपस्थित माणसाच्या नावावर राग साठत नाही.

पत्राच्या काळात आईच्या हाती एक अधिकार होता. सैन्यात पत्र जाते ते युनिटचे नाव आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ अशा पत्त्यावर. त्यात गावाचे नाव नसते. लष्करी टपालसेवेचे केंद्र आपल्याच नागपूरजवळच्या कामठीला आहे. आलेले पत्र आई मुलांना वाचून दाखवी. वाचताना एखादी काळजीची ओळ ती गाळी, तर मुलासाठी एखादी ओळ पदरची घाली. ती वाचक होती तशीच संपादकही होती. व्हिडिओ कॉलने हा अधिकार काढून घेतला. वडिलांचा थकलेला चेहरा मुलाला थेट दिसतो आणि नेटवर्क तुटले की अर्ध्या वाक्यावर रिकामा पडदा उरतो. तिकडून विचारले जाते, ‘सगळं ठीक ना?’ इकडे धाकट्याला दोन दिवस ताप असतो आणि आई म्हणते, ‘हो, ठीक आहे.’ जुन्या पत्रांतील ‘येथील क्षेम’ या ठरीव मजकुराचेच हे आजचे रूप. दूर असलेल्या माणसाच्या हाती उपाय नाही, म्हणून काळजीही देऊ नये, असा त्यामागचा विचार असतो. पण त्याची किंमतही आहे. असे दहा ताप, दोन शाळाबदल आणि एक टाक्यांची जखम न सांगता गेली, की घरी आलेल्या पित्याला आपल्याच मुलांचा मधला इतिहास ठाऊक नसतो.

त्यामुळे पतीचे परतणे हा केवळ आनंदाचा प्रसंग राहत नाही. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून पुढे बाळ अनोळखी चेहऱ्याला घाबरते. हा वाढीचा सामान्य टप्पा आहे. सहा महिन्यांनी आलेल्या वडिलांकडे ते जात नाही, आईच्या खांद्यात तोंड लपवते. अशा वेळी ‘बापालाच ओळखत नाही!’ हा नातेवाइकांचा विनोद दोघांनाही जखम करून जातो. मोठ्या मुलांच्या बाबतीत झोपण्याची वेळ, अभ्यास, मोबाइल यांविषयी एकटीने बसवलेली घडी मोडते. ती पुन्हा बसेपर्यंत रजा संपते. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधिका पॉलीन बॉस यांनी, माणूस शरीराने नाही पण मनाने घरात आहे अशा अवस्थेत कुटुंबाची सीमाच संदिग्ध होते, असे मांडले. बेपत्ता आणि रजेवर येणारा यांत अर्थातच मोठे अंतर आहे. तरी जेवणाच्या पानांची संख्या कधी तीन, कधी चार अशी बदलत राहणाऱ्या घराला ही संकल्पना काही प्रमाणात लागू होते.

घरात सासू-सासरे, दीर-जाऊ असतील तर ती एकटी कशी, असा प्रश्न कोणी विचारील. कामाला हात मिळतात हे खरे. पण मुलाविषयीच्या निर्णयात ‘तुझ्या नवऱ्याला विचारलंस का?’ असे म्हणणारी तोंडेही तेवढीच असतात.

६.५ ‘नंतर’ या एका शब्दाचा अर्थ

शब्दार्थाचा प्रश्न न्यायालयातही पोहोचतो, याचे एक उदाहरण पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ यानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे पिता ‘आणि त्याच्यानंतर माता’. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर, असाच अर्थ दीर्घकाळ घेतला गेला. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. माता आणि मूल राहतात तेथून पिता दूर राहत असल्यामुळे मुलाची काळजी घेऊ शकत नसेल, तर तीही अनुपस्थितीच, असे त्या निर्णयातून स्पष्ट झाले. तो खटला सैनिकाच्या कुटुंबाचा नव्हता. परंतु बँकेच्या किंवा शाळेच्या खिडकीवर ‘वडिलांची सही आणा’ असे ऐकणाऱ्या प्रत्येक सैनिकपत्नीच्या दृष्टीने या एका शब्दाच्या अर्थाला मोल आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला, तोही या संदर्भात लक्षात घ्यावा.

६.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखाद्या सैनिक कुटुंबातील मातेची, तिच्या सवडीने आणि संमतीने, मुलाखत घ्या. मुलांशी बोलताना वडिलांच्या येण्याविषयी ती कोणती क्रियापदरूपे वापरते, ‘बाबा आले की’ हे शब्द कोणकोणत्या प्रसंगी येतात आणि फोनवर कोणत्या गोष्टी सांगायच्या नाहीत असे तिने ठरवले आहे, याची तिच्याच शब्दांत नोंद करा. बोलीतील रूपे प्रमाणभाषेत बदलू नका. मुलांना प्रश्न विचारू नका. ती आपणहून बोलली तर तेवढेच लिहा. कुटुंबाचे नाव लिहू नये. पतीचे युनिट कोणते आणि ते सध्या कोठे आहे, हे विचारू नये. बोलण्याच्या ओघात कळले, तरी वहीत उतरवू नये.