काळ्या कातळाखाली

नाशिकजवळील पांडवलेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या कातळात कोरली गेली. ब्रह्मगिरी व अंजनेरी हे पर्वतही याच कातळाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. त्या खडकास बेसॉल्ट म्हणतात. त्याने आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमी व्यापिली आहे.

बेसॉल्टमध्ये खनिज तेल तयार होत नाही. ते जन्मते गाळाच्या खडकांत. समुद्रातील सूक्ष्म जीव मरून तळाच्या चिखलात पुरले जातात. वर गाळ साचतो, उष्णता व दाब वाढतात आणि लक्षावधी वर्षांनी त्या अवशेषांचे तेल व वायू बनतात. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात सापडलेले तेल ज्या चुनखडकात आहे, तो बेसॉल्टहून वयाने लहान आहे. मग बेसॉल्टच्या खाली त्याहून जुने गाळाचे खडक दडले असतील काय? कच्छमध्ये असे जुने सागरी खडक उघड्यावर दिसतात. म्हणून हा प्रश्न व्यर्थ नव्हे.

उत्तर मिळविणे मात्र कठीण आहे. संशोधक भूमीत कृत्रिम कंप निर्माण करून खालून परतणाऱ्या लहरी मोजतात. परंतु बेसॉल्टचे थर पुष्कळ लहरी वरच्या वर परतवितात व विखुरतात. म्हणून विद्युत्, चुंबकत्व व गुरुत्वाकर्षण यांच्या मापनांचेही साहाय्य घ्यावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला अशा मापनांतून तापीच्या खोऱ्यात बेसॉल्टखाली गाळाचे खडक असल्याची चिन्हे आढळली आहेत.

परंतु चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे. १९९३ च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी किल्लारी येथे खोल छिद्र पाडण्यात आले. तेथे ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा थर निघाला अवघा ८ मीटर. कोयनेच्या परिसरात तर बेसॉल्ट थेट ग्रॅनाइटवरच बसलेला आढळला. शिवाय गाळाचे खडक सापडले, तरी त्यांत तेल असेलच असे नाही. शिलारसाच्या उष्णतेने ते नष्ट झाले असेल, किंवा बेसॉल्टच्या झाकणाखाली सुरक्षितही राहिले असेल.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून येते. म्हणून हा शोध सोडून देता येत नाही. मात्र खोल विहीर खोदण्यास अफाट द्रव्य लागते; ते केवळ आशेवर उधळणेही योग्य नव्हे. आशेने प्रश्न विचारावा. उत्तर मात्र खडकाकडूनच घ्यावे.

स्वाध्याय
१. बेसॉल्टखालील खडकांचा शोध घेणे कठीण का आहे?
२. ‘चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे’ हे पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.