एकच शब्द सर्वांना पुरत नाही



ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्याला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. चौघांचे वेतन सारखे, काम सारखे, सूचनाही सारख्याच. तरी एकजण काम पुरे झाल्याशिवाय जागचा हलत नाही, दुसरा सोबत्यांत रमतो, तिसरा प्रत्येक बैठकीत आपलेच म्हणणे पुढे रेटतो आणि चौथा मान खाली घालून बसतो. असे का? आपण एकाला कष्टाळू, दुसऱ्याला गप्पिष्ट, तिसऱ्याला गर्विष्ठ व चौथ्याला आळशी ठरवून मोकळे होतो. पवित्र शास्त्र मात्र असा घाईचा निवाडा करू देत नाही.

१ थेस्सलनीकाकरांस ५:१४ हे वचन उघडून पाहा. त्या मंडळीत काहीजण कामधंदा सोडून बसले होते, हे दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावरून कळते. तरीही पौल सर्वांना एकाच काठीने हाकत नाही. तो तीन प्रकारची माणसे सांगतो आणि प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद योजतो. पहिल्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘आताक्तोस’ असा आहे. रांग सोडून गेलेल्या सैनिकाला हा शब्द लावीत. त्याला समज द्यायची आहे. दुसरा ‘ओलिगोप्सुखोस’, म्हणजे शब्दशः लहान जिवाचा, धीर खचलेला. त्याला दिलासा हवा. तिसरा दुर्बल, त्याला धरून ठेवायचे आहे. सहनशीलता मात्र सर्वांसाठीच सांगितली आहे. आता विचार करा: खचलेल्याला समज दिली तर तो अधिकच खचेल, आणि रांग सोडणाऱ्याला नुसता दिलासा दिला तर तो परत येणार नाही. मान खाली घालून बसलेला तो चौथा आळशी आहे की खचलेला, हे ओळखण्यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते.

माणसाची अडचण ओळखावी, तशीच त्याची प्रेरणाही ओळखावी. या कामी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचा अभ्यास उपयोगी पडतो. माणसाला कामाला लावणाऱ्या तीन प्रेरणा त्यांनी विशेषेकरून अभ्यासल्या: काही साध्य करण्याची, आपुलकीच्या संबंधांची आणि प्रभाव पाडण्याची. त्यांच्या कार्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९६४ पासून आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना त्यांच्या पद्धतीने शिक्षण देण्यात आले, आणि शिक्षण न घेतलेल्यांपेक्षा ते पुढे अधिक उद्यमशील झाल्याचे दिसून आले. त्याचा वृत्तान्त १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

पहिल्या प्रेरणेची ओळख एका साध्या खेळातून पटते. खुंटीवर कडी फेकायची, आणि किती अंतरावरून फेकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. साध्य करण्याची ओढ ज्यांच्यात प्रबळ, ते फार जवळ उभे राहिले नाहीत आणि फार दूरही नाहीत. कस लागेल पण यश मिळू शकेल, अशी मधली जागा त्यांनी निवडली. अशा सहकाऱ्याला आवाक्यातले पण कठीण काम द्यावे, आणि ते कसे झाले हे वेळेवर स्पष्ट सांगावे. आपुलकी शोधणाऱ्याला दिवसभर एकट्याने बंद खोलीत बसविले, तर कुशल असूनही तो कोमेजतो. त्याला सोबत्यांबरोबर करायचे काम द्यावे.

तिसऱ्या प्रेरणेविषयी आपल्या मनात अढी असते. पण मार्क १०:३५-४५ वाचा. जब्दीच्या मुलांनी मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा इतर दहा शिष्य संतापले. प्रभूने मात्र मोठे होण्याची इच्छाच खुडून टाकली नाही; तिला सेवेची वाट दाखविली. मॅक्लेलंड यांनीही स्वतःच्या मोठेपणासाठी वापरलेला प्रभाव आणि संस्थेच्या हितासाठी वापरलेला प्रभाव यांत भेद केला. बैठकीत पुढे येणाऱ्याला गप्प बसविण्यापेक्षा नवख्यांना शिकविण्याची जबाबदारी देऊन पाहावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. या तिन्ही प्रेरणा प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात. म्हणून कोणाच्या कपाळी कायमचा शिक्का मारू नये. दुसरे असे की, प्रेरणा ओळखणे म्हणजे माणसाला युक्तीने राबवून घेणे नव्हे. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. वेतन बुडवून केलेले कौतुक ही फसवणूकच होय.

आपल्याला जे आवडते तेच दुसऱ्यालाही हवे, असे आपण सहज धरून चालतो. स्तुतीने फुलणारा अधिकारी सर्वांची स्तुती करतो, स्पर्धेत रमणारा सर्वांना शर्यतीत उतरवितो. हे समान वागणे वाटते. परंतु त्यात समोरच्या माणसाकडे पाहिलेलेच नसते.

मननासाठी प्रश्न

१. वरील तिन्हींपैकी कोणती प्रेरणा तुमच्यात प्रबळ आहे? तीच तुम्ही इतरांवर लादता काय?

२. तुम्ही ज्याला आळशी म्हणता, तो खरोखर रांग सोडून गेला आहे, की त्याचा धीर खचला आहे? हे जाणून घेण्यासाठी तुम्ही त्याच्याशी शेवटचे कधी बोललात?

३. येत्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या कामात कोणता एक बदल तुम्हाला करता येईल?