पडवीतले वर्कशॉप : अवजारे सर्वांत शेवटी

हॉस्टेलवर रात्री दीड वाजता मेसच्या डाळीवरून सुरू झालेली चर्चा हमखास अमेरिकेतल्या गॅरेजवर जाऊन थांबते. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली पालो आल्टोतल्या एका गॅरेजात कंपनी काढली, ही गोष्ट सबमिशनपेक्षा सगळ्यांना जास्त पाठ आहे. मग एखादा उसासा टाकून म्हणतो, "आपल्या घरी गॅरेज असतं ना, तर..."

माझ्या रोह्याच्या घरी गॅरेज आहे. म्हणजे पडवीचे टोक विटांनी बंद करून वर पत्रे टाकलेली १० फूट बाय १२ फुटांची खोली. आत बाबांची स्कूटर राहते म्हणून गॅरेज म्हणायचे. बाकी झावळ्या, मोडका पाळणा, रंगाचे सुकलेले डबे आणि 'कधीतरी लागेल' या वर्गातले सगळे सामान.

बाबा धाटावच्या एमआयडीसीत फिटर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि महिन्याभरात घरातला प्रत्येक नळ दोनदा खोलून झाला. तेवढ्यात एका दुकानदाराने ही खोली गोडाऊनसाठी महिना दोन हजार भाड्याने मागितली. आई म्हणाली, "देऊन टाकूया. तुझी फी आहे, घरात पैसे येतील." बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत तेव्हा जास्त कळते. मी मध्ये पडलो. म्हटलं, पुढच्या गणपतीपर्यंत मुदत दे, आम्ही इथे वर्कशॉप करतो. आईने मुदत दिली. मेकॅनिकलचा विद्यार्थी घरात असल्यावर काय अवघड आहे?

अवघड होते, कारण मी सुरुवातच उलटी केली. आधी अवजारे आणली! भंगारातून एक जुने ड्रिल मशीन घेतले. पूर्ण धातूच्या बॉडीचे, वजनदार, दिसायला झकास. जुलैचा महिना, जमिनीला ओल आलेली, पायात चप्पल नाही. ड्रिल चालू केले आणि हात जो चिकटला तो सुटेना. बाबांनी धावत येऊन बटण बंद केले. दोन सेकंद गेले असतील. नंतर बोर्ड उघडला, तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. 'अर्थिंगची गरज स्पष्ट करा' या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते. आपल्या घरात ते आहे का, हे मात्र कधी पाहिले नव्हते.

आईला काय झाले ते सांगितले नाही, पण तिला कळलेच. त्या दिवशी तिने मुदत रद्द केली नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पेणची शिकवणी

त्याच महिन्यात गाडीने नागोठणे, कासू करत पेणला आत्याकडे गेलो. पेणमध्ये 'कारखाना' म्हणजे धुराडे आणि भोंगा नव्हे. घराची ओटी, पडवी, पुढचा मांडव, जिथे गणपती घडतात तो कारखाना. पेण, हमरापूर, जोहे या भागात अशी कितीतरी घरे आहेत. आत्याच्या शेजारचा कारखाना आमच्या गॅरेजपेक्षा फार मोठा नव्हता, तरी सीझनमध्ये तिथून शेकड्यांनी मूर्ती बाहेर पडतात. कसे काय?

मी दिवसभर बसून पाहिले. दमट कोपऱ्यात शाडूची माती, तिच्याजवळ साचे. साच्यातून निघालेली मूर्ती वाऱ्याच्या बाजूला फळ्यांवर सुकते. मग पॉलिश पेपरने घासणे, तेही दाराजवळ, म्हणजे धूळ बाहेर जाते. रंगकाम धुळीपासून लांब. आणि डोळ्यांची आखणी खिडकीशी, जिथे सगळ्यात चांगला उजेड. काम एका दिशेने पुढे सरकते, मूर्ती मागे फिरत नाही. आपण ज्याला प्लँट ले-आऊट म्हणून शिकतो, ते ही माणसे पिढ्यानपिढ्या पडवीत करत आली आहेत. आणि अवजारे? थोडे ब्रश, कोरण्या, एक कॉम्प्रेसर. जागा आधी ठरते, अवजार नंतर येते.

परतताना गाडीत वहीच्या मागच्या पानावर नवा क्रम लिहिला. तो देतो, कारण कुणाच्याही घरी उपयोगी पडेल.

१. पेट्रोल बाहेर. स्कूटर पहिल्यांदा अंगणात शेडखाली गेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत ती साचलेली असताना ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. ठिणग्या उडवायच्या तर पेट्रोल, थिनर, रंग त्या खोलीत नकोत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळाही ठेवू नका. हवेशी होणाऱ्या क्रियेने तो आपोआप तापून पेटू शकतो.

२. वीज. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. अर्थिंगचा खड्डा, मेनपासून वेगळी २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. या दोघांत गल्लत करू नका. एमसीबी जास्त प्रवाहापासून वायर वाचवतो. आरसीसीबी गळतीचा प्रवाह ओळखून माणूस वाचवतो. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असेही नाही. सॉकेट सगळी टेबलाच्या वर. २६ जुलै २००५ चा पाऊस आमच्या घरात अजून तारखेनेच ओळखला जातो, त्यामुळे जमिनीलगत विजेचे काहीही नाही.

३. ओल आणि गंज. कोकणात लोखंडाचा खरा शत्रू पावसाळा. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की गंज जोर धरतो, आणि आपल्याकडे जुलैत ती ९० च्या आसपास फिरते. पूर्ण खोली कोरडी करणे परवडत नाही, पण एक कपाट कोरडे ठेवता येते. थर्मोमधला सायक्रोमेट्रिक चार्ट आठवा. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते. नुसत्या पाच अंशांनी! आमच्या लोखंडी कपाटात खाली जाळीआड एक छोटा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आहे. एलईडी चालणार नाही, ती फार कमी तापते. कपाटात कागद, कापड ठेवत नाही. शिवाय काम संपल्यावर अवजारावर तेलाचा हात. पूर्ण पावसाळ्यात कानशींना गंज लागला नाही.

४. उजेड. छताच्या मधोमध एकच दिवा लावला तर आपलीच सावली कामावर पडते. दिवा टेबलाच्या पुढे, डाव्या अंगाला हवा (डावखुऱ्यांना उजव्या). चोकच्या जुन्या ट्यूबलाइटची आणखी एक गंमत आहे. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्यामुळे विशिष्ट वेगाला फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. थांबलाय असे समजून हात घातला की संपले.

५. टेबल. जुन्या सागवानी दाराचे पाच फूट बाय दोन फुटांचे टेबल केले. उंची किती? बाबांनी टेप घेतलाच नाही. ताठ उभे राहून हाताची मूठ हनुवटीखाली आणली. कोपर जिथे येईल, तिथे व्हाइसच्या जबड्याचा वरचा काठ. फिटरचा जुना ठोकताळा आहे. यापेक्षा खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर कानस सपाट चालत नाही.

६. प्रत्येकाची जागा. भिंतीवर फळी, खिळे आणि प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा पांढऱ्या रंगाने काढलेली. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की पाना कुठे राहिला हे लगेच कळते. पेणसारखाच एक प्रवाह केला. दाराशी कापणे-घासणे, मध्ये टेबल, आतल्या कोपऱ्यात जुळणी.

७. अवजारे. आता! आणि तीही एकेक, कामाने मागितली तशी. व्हाइस, हॅकसॉ, तीन कानशी, पाने, मल्टिमीटर, दुहेरी इन्सुलेशनचे नवे ड्रिल, गार्डसकट चार इंची ग्राइंडर, गॉगल. ग्राइंडरचा गार्ड काढून काम करणारा आमच्या खोलीत येऊ शकत नाही, मग तो कितीही जवळचा पाहुणा असो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली होती. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० साली. मधली बावीस वर्षे आपण गोष्ट सांगताना गाळतो, एवढेच.

आमचा कारखाना काही निघालेला नाही. पाण्याचे पंप, मिक्सर, ग्रिलची गेटे, भातझोडणीचे यंत्र अशी गल्लीतली कामे येतात. मुदत संपली त्या गणपतीला आईने हिशेबाची वही काढली. काही महिने दोन हजारांच्या वर, काही खाली. गोळाबेरीज जवळजवळ भाड्याएवढीच. मी गप्प बसलो. आई वही मिटत म्हणाली, "भाडं तेवढंच आलं. पण माणूस दुपारी जेवायला हाका मारून बोलवावा लागतो, हे बरं आहे." खोली राहिली.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की ग्राइंडर घेण्याआधी वायरमनला बोलवा आणि सॉकेटचे तिसरे भोक तपासून घ्या. वर्कशॉप करायचे नसले तरी तपासा. फ्रिज आणि गीझर सगळ्यांच्याच घरी असतो.

आणि हो, आमचे टेबल मला दोन इंच बुटके पडते. बाबांनी विचारले होते, "तुझ्या मापाने करू का?" मी नको म्हटले. मी सुट्टीपुरता येतो, तिथे रोज उभे राहतात ते बाबा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी